रेडिएटरात पऱ्याचं पाणी: गाडीची कूलिंग सिस्टीम घरी धुवायची पद्धत

माझ्या गाडीच्या रेडिएटरातून पहिल्यांदा सगळं पाणी काढलं, तेव्हा घमेल्यात पडलं ते विड्याच्या काताच्या रंगाचं. जुनी डिझेल गाडी. आंब्याच्या दिवसांत देवगडाहून पेट्या भरायच्या, फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. तापमानाचा काटा वर गेला की थांबायचं, थंड होऊ द्यायची आणि मिळेल ते पाणी ओतायचं. पावसाळ्यात पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, उन्हाळ्यात घाटातल्या टपरीवरच्या पिंपातलं, घरी आल्यावर विहिरीचं. काका म्हणायचे, “पाणी ता पाणीच रे, तेका काय बगूचा?” शेवटी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, काढून फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्यावं लागलं, तेव्हा कळलं काय बघायचं असतं ते.

आपल्याकडे पाण्याच्या दोन तऱ्हा. जांभ्याच्या कातळातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात क्षार कमी. म्हणून देशावर भांड्यांना जसा पांढरा थर धरतो तसा आपल्याकडे सहसा धरत नाही. पण हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात लोहाचा अंश असतो. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ, म्हणजे त्यात मीठ. हे मीठ अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं, आणि आजकालच्या गाड्यांचं हेड, रेडिएटरचं कोअर, थर्मोस्टॅटचं (तापमानाप्रमाणे उघड-मीट करणाऱ्या झडपेचं) घर हे बहुतेक सगळं अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. शिवाय पाण्याची वाफ उडून जाते, त्यातलं मीठ मात्र आतच राहतं. दर टॉप-अपला ते वाढत जातं आणि कूलंटमधली (पाण्यात मिसळायच्या रंगीत द्रवातली) गंजरोधक रसायनं पातळ होत जातात. म्हणून दोन वर्षं नुसतं ‘थोडं पाणी टाकत’ चालवलेली गाडी आतून हमखास घाण झालेली असते.

धुण्याचं काम एका सुट्टीच्या दिवसाचं आहे, पण पूर्ण दिवसाचं. दुपारी चारला सुरू करू नका.

आधी ओळखा, घाण कुठली आहे

रात्रभर उभी राहिलेली, पूर्ण थंड गाडी सकाळी घ्या. गरम इंजिनाचं रेडिएटर कॅप कधीही उघडायचं नाही. कॅप आतला दाब साधारण १ बारपर्यंत धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. हात-तोंड भाजायचे अपघात होतात ते असेच.

कॅप काढून टॉर्चने आत पाहा. मग एक नळी घालून पेलाभर पाणी काढा आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत तासदोन तास न हलवता ठेवा. ही बरणी कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सांगते.

तळाला तांबडा गाळ बसला आणि वरचं पाणी चहासारखं राहिलं, तर गंज. पांढरे कण किंवा पापुद्रे असतील तर क्षार. जेलीसारखे गोळे किंवा शेवाळासारखा चिकट थर दिसला, तर बहुतेक कुणीतरी हिरव्या कूलंटमध्ये वेगळ्या जातीचं लाल किंवा नारिंगी कूलंट मिसळलंय. रंगावरून जात ठरत नाही, दोन कंपन्यांचे हिरवे कूलंटसुद्धा वेगळे असू शकतात. जुनं कूलंट कुठलं ते माहीत नसेल तर त्यात काही मिसळू नये, पूर्ण काढावं.

आणि वर तरंगणारी साय, दूध घातलेल्या कॉफीसारखा चिकट लगदा, म्हणजे तेल. इथे थांबायचं. तेल कूलंटमध्ये आपोआप येत नाही. हेड गॅस्केट गेलेलं असेल, ऑइल कूलर आतून फुटला असेल, किंवा ऑटोमॅटिक गाडी असेल तर रेडिएटरमधूनच जाणारा गिअर ऑइलचा कूलर. लगेच डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पाहा. इंजिन ऑइलही पांढरट, फेसाळ झालं असेल तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. ऑइल स्वच्छ असेल तरी थंड इंजिन सुरू करून कॅपच्या तोंडात पाहा. एकसारखे बुडबुडे येत असतील, किंवा सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होस पाईप दगडासारखा ताठ होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. आधी ती दुरुस्ती, मग धुणं. उलट केलंत तर आठवड्याभरात पुन्हा तीच कॉफी दिसेल.

पुराचं पाणी गेलेली गाडी हा वेगळाच विषय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीत कूलिंग सिस्टीम ही शेवटची काळजी असते, कारण ती बंदिस्त असते. चिखल बसतो तो बाहेर, रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या फटीत. तो कसा काढायचा ते पुढे येईलच.

सामान

मोठं घमेलं, जुना पाच लिटरचा कॅन, मोजमापाचं भांडं, बागेचा पाईप, पकड, स्क्रू ड्रायव्हर, हातमोजे, चष्मा. नवे होस क्लिप, थर्मोस्टॅटचं नवं गॅस्केट किंवा ओ-रिंग, नवं कॅप. निळे लिटमस पेपर शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथे मिळतात. बॅटरीच्या दुकानातून २० लिटर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी. आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचं कूलंट, पाणी न मिसळलेलं कॉन्सन्ट्रेट. तयार मिसळलेलं का नको, ते शेवटी येईल.

गंज आणि क्षारांसाठी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल. आपल्याकडे तांब्याची घागर चिंचेने किंवा आमसुलाने घासतात, तेच काम हे आत करतं. मात्र चिंच-आमसूल रेडिएटरात घालायची नाहीत, चोथा नळ्यांत अडकेल. कूलिंग सिस्टीमसाठीचं तयार फ्लश मिळालं तर तेही चालेल, त्यावरच्या सूचनेप्रमाणे. संडास धुवायचं अ‍ॅसिड मात्र नाही म्हणजे नाही. ते अ‍ॅल्युमिनियम खातं. एका ओळखीच्या माणसाने ते वापरलं होतं. रेडिएटर सुंदर स्वच्छ झाला आणि तिसऱ्या दिवशी चाळणीसारखा गळायला लागला.

पाणी काढणं

गाडी सपाट जागी लावा. आपल्याकडे सपाट जागा मिळणं कठीण, पण अंगणात लावा, हँडब्रेक ओढा आणि चाकांमागे जांभ्याचे चिरे ठेवा. पंखा इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही तो फिरू लागतो. हीटरची नॉब पूर्ण गरमवर करा, म्हणजे ज्या गाड्यांत हीटरला वॉल्व्ह असतो त्यांत तोही उघडेल.

रेडिएटरच्या तळाला ड्रेन कॉक असतो. तो बहुधा प्लास्टिकचा असतो आणि जुन्या गाडीत हटकून मोडतो, म्हणून जोर लावू नका. फिरत नसेल तर खालचा होस पाईप काढा. काही इंजिनांना ब्लॉकलाही (इंजिनाच्या मुख्य धडालाही) ड्रेन बोल्ट असतो, पुस्तिकेत पाहा. निघालेलं पाणी मोजा आणि आकडा लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

हे पाणी परसात, माडाच्या आळ्यात किंवा गटारात ओतू नका. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्रं-मांजर, वासरं ते चाटतात. जांभा सच्छिद्र असल्याने अंगणात ओतलेलं विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या. पहिल्या दोन धुण्यांचं पाणीही असंच.

कूलंटची बाटली काढून वेगळी धुवा. मूठभर तांदूळ, साबणाचं पाणी आणि जोरात हलवणं. आतला चिकट थर असा निघतो. तांदूळ नंतर टाकून द्या.

आता थर्मोस्टॅट काढा. तो जिथे असायला हवा तिथे असेलच असं नाही. माझ्या गाडीत नव्हताच! आधीच्या एका मेकॅनिकने काढून टाकला होता. “कोकणात थंडी खंय, हवो कशाक?” हा समज सर्वत्र आहे. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. इंजिन लवकर ८० अंशांच्या वर न्यावं आणि तिथे धरून ठेवावं, हे त्याचं काम. तो नसला तर सपाटीला इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये ओल राहते. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं भोक बंद करतो, तिथे तो काढल्यावर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं. म्हणजे गाडी घाटात जास्तच तापते. धुण्यापुरता काढा आणि नंतर परत बसवा.

धुणं

थर्मोस्टॅटचं रिकामं घर पुन्हा बसवा. पहिलं धुणं उलट्या दिशेने. रेडिएटरचे दोन्ही पाईप सुटे करून खालच्या तोंडाला बागेचा पाईप लावा आणि पाणी वरून बाहेर येऊ द्या. नेहमीच्या प्रवाहात अडकलेला गाळ उलट्या प्रवाहात सुटतो. नळ निम्माच सोडा. हीटरचं कोअर नाजूक असतं, त्यात तर पाव नळही पुरे. इंजिन गरम असताना थंड पाणी ब्लॉकमध्ये सोडायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

मग पाईप आणि बॅटरीची वायर जोडा, साधं पाणी भरा, कॅप लावा, गाडी सुरू करून गरम करा. दहा मिनिटं चालवा, बंद करा, हात लावण्याइतकी निवू द्या, पाणी काढा. पुन्हा. हे किती वेळा, याचं साधं गणित आहे. समजा सिस्टीम आठ लिटरची आहे आणि खालून पाच लिटर निघतं. म्हणजे तीन लिटर ब्लॉकमध्ये राहतं. पहिल्या बदलानंतर जुनं पाणी सुमारे ३७ टक्के उरतं, दुसऱ्यानंतर १४, तिसऱ्यानंतर ५, चौथ्यानंतर २. गॅरेजमध्ये ‘फ्लश केलं’ म्हणून एकदा पाणी बदलून देतात तेव्हा एक तृतीयांश घाण आत तशीच असते.

तेल असेल तर अ‍ॅसिडच्या आधी ते काढा. तेलकट थरावर अ‍ॅसिड काम करत नाही, जसं तुपकट भांडं नुसत्या चिंचेने निघत नाही. कूलिंग सिस्टीमचं डीग्रीझर मिळालं तर उत्तम. नाहीतर डिशवॉशर मशीनची कमी फेसाची पावडर, दोन-तीन चमचे कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून. हाताने भांडी घासायचा साबण नको. त्याचा इतका फेस होतो की वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, पाण्याऐवजी फेसच ढवळत बसते. गाडी पंधरा मिनिटं गरम चालवा आणि निवल्यावर लगेच काढा. ही पावडर अल्कधर्मी असते, तीही अ‍ॅल्युमिनियमला जास्त वेळ मानवत नाही. दोन-तीन फेऱ्या लागतात. तेलाने रबर फुगतं, म्हणून होस पाईप दाबून पाहा. पिकलेल्या केळ्यासारखे मऊ लागले तर सगळे बदला.

जेली झाली असेल तर अ‍ॅसिडची गरज नाही, कोमट पाण्याच्या भरपूर फेऱ्या करा. नळ्या तरीही बंद असतील तर रेडिएटर खाली उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्यावा.

गंज-क्षारांसाठी लिंबूफूल लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे आठ लिटरच्या सिस्टीमला ४०० ग्रॅम. हे मोजायचं पूर्ण क्षमतेवर, निघालेल्या पाण्यावर नाही. बादलीत दोन-तीन लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून गाळा, ओता, वर साधं पाणी भरा. गाडी गरम झाल्यावर वीस मिनिटं चालवा, काटा पाहत राहा. मग निवू द्या आणि काढा. रात्रभर ठेवू नका. जास्त मुरलं म्हणजे जास्त स्वच्छ असं नसतं, गंज संपल्यावर ते धातूला लागतं. जे निघेल ते पाहून दचकाल. पहिल्या वेळी माझ्याकडे घमेल्यात नांगरणीच्या दिवसांतल्या वाफ्यासारखं तांबडं पाणी होतं. फार घाण असेल तर दुसरी फेरी करा, तिसरी नको.

एक गोष्ट आधीच सांगतो. जुन्या रेडिएटरमध्ये काही भोकं गंजानेच बुजलेली असतात. गंज निघाला की ती उघडी पडतात. गळती धुण्याने झाली असं वाटतं, पण ती आधीपासूनच होती. हा धोका पत्करायचा नसेल तर नव्या रेडिएटरचे पैसे जवळ ठेवूनच काम काढा.

यानंतर साध्या पाण्याच्या तीन फेऱ्या. शेवटच्या पाण्यात निळा लिटमस बुडवा, तो लाल होता कामा नये. कोऱ्या नळाच्या पाण्यात दुसरा तुकडा बुडवून दोन्ही शेजारी धरा, कारण आपलं विहिरीचं पाणीच थोडं आम्ल असू शकतं.

मग सर्वात जास्त टाळली जाणारी पायरी: शेवटच्या दोन फेऱ्या डिमिनरलाइज्ड पाण्याच्या. ब्लॉकमध्ये जे तीन लिटर राहणार आहे, तेच तुमच्या नव्या कूलंटमध्ये मिसळणार. ते खाडीकाठच्या विहिरीचं असेल तर एवढा दिवस घालवून मीठ पुन्हा आतच ठेवलंत. पागोळ्यांचं पाणी चालेल का, असं मला बरेच जण विचारतात. मधल्या फेऱ्यांना खुशाल वापरा. शेवटच्याला नको, कौलांवरची माती आणि किनाऱ्याजवळ वाऱ्याने आलेलं मीठ त्यात उतरतं.

बाहेरची बाजू

किनाऱ्यावरच्या गाडीचा रेडिएटर बाहेरूनही तुंबतो: लाल धूळ, किडे, खारी हवा. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, समोरून मारलंत तर घाण आणखी आत बसते. साधा पाईप आणि मऊ ब्रश. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळ धरला तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि हवा जायची बंद होते. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट बोटाने चाचपा.

थर्मोस्टॅट जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या टोपात पाण्यात टांगून गरम करा, सोबत थर्मामीटर. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुतेक ८२ किंवा ८८ ला, तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत जवळजवळ पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला, किंवा गार झाल्यावर पूर्ण मिटला नाही, तर नवा आणा. कॅप मी सरळ बदलतो, फक्त त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा. वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकाशी ओल किंवा सुकलेल्या कूलंटचा डाग असेल तर तिचे दिवस भरलेत.

भरणं

वरच्या उदाहरणात तीन लिटर पाणी आतच आहे. निम्मं-निम्मं मिश्रण हवं तर आठ लिटरला चार लिटर कॉन्सन्ट्रेट लागतं. म्हणून आधी चार लिटर कॉन्सन्ट्रेट, मग लिटरभर डिमिनरलाइज्ड पाणी. तयार मिश्रण पाच लिटर ओतलंत तर त्यात कॉन्सन्ट्रेट अडीचच लिटर, आठ लिटरमध्ये ते ३१ टक्के होतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट आपण गंज थांबवायला आणि उकळबिंदू वर न्यायला घालतो. नुसतं कॉन्सन्ट्रेटही भरू नका, ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. पुस्तिकेत वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा. अंगणाचा उतार इथे कामाला येतो. हीटर गरमवर, कॅप उघडं, हवा काढायचा ब्लीडर स्क्रू असेल तर सैल. सावकाश ओता, होस पाईप हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. आता इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा. तोंडातून पाणी चढू लागलं की कॅप लावा. इलेक्ट्रिक पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. वरचा-खालचा दोन्ही पाईप गरम आणि हीटरमधून गरम हवा, म्हणजे एअर लॉक सुटलं. हीटर थंड आणि काटा वर असेल तर हवा अडकली आहे: बंद करा, निवू द्या, पुन्हा भरा. बाटली मिन आणि मॅक्सच्या मध्ये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी थंड गाडीत बाटली पाहा. थोडी उतरेल, भरा. नंतरही उतरतच राहिली तर कुठेतरी गळतंय. क्लिपांभोवती बोट फिरवा.

माझ्या डिकीत आता पाच लिटर डिमिनरलाइज्ड पाण्याचा कॅन असतो. घाटात काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, खिडक्या उघड्या आणि सुरक्षित जागी थांबणं. बॉनेटखालून वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद, नाहीतर दोन मिनिटं रिकामं चालू द्यायचं. इंजिनावर पाणी मारायचं नाही, कॅपला तासभर हात लावायचा नाही. आणि कॅन संपलाच, जवळ फक्त पऱ्या असला, तर निवल्यावर पऱ्याचं पाणी ओता, हेड जळण्यापेक्षा ते बरं. फडक्यातून गाळून घ्या आणि घरी आल्यावर त्याच आठवड्यात घमेलं बाहेर काढा.